शिवण, साळवण, पिठवण : नावातलं 'वण' हे रान नव्हे, पान

तुमचा प्रश्न असा. आजीच्या जुन्या वहीत बाळंतकाढ्याची यादी सापडली : "बेलमूळ, टेटू, शिवण, पाडळ, ऐरण, साळवण, पिठवण, डोरली, रिंगणी, गोखरू, समभाग." बेल आणि गोखरू तुम्हाला ओळखता आलं, पुढे अडकलात. 'शिवण' या नावाचा शिवणकामाशी काही संबंध आहे का? 'साळवण' म्हणजे साळीचं वन का? 'पिठवण'मध्ये पीठ कुठून आलं? आणि शेवटी जाता जाता विचारलंत, की हा काढा आज करता येईल का.

मी बत्तीस वर्षं महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवलं. त्या काळात सुट्टी मिळेल तेव्हा मावळात, कोकणात, कधी मेळघाटाकडे हिंडून गावोगावची झाडांची नावं वहीत टिपत आले. त्यामुळे या प्रश्नाशी माझी जुनी ओळख आहे. तुम्ही विचारलेत तीन शब्दांचे अर्थ, पण खरी अडचण वेगळी आहे. जुनं नाव कानाला ज्या शब्दासारखं लागतं, त्या शब्दावरून त्याचा अर्थ लावावा का? आणि तसा अर्थ लागला, तर झाड ओळखताना त्याच्यावर किती विसंबावं? हे दोन्ही धागे वेगळे ठेवले की बाकीचं उलगडतं.

आधी यादीबद्दल, कारण अर्धं उत्तर तिच्यातच आहे. हे दशमूळ आहे, आयुर्वेदातला दहा मुळांचा प्रसिद्ध गट. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्यात पाच झाडं : बेल, टेटू, शिवण, पाडळ, ऐरण. दुसऱ्यात पाच लहान झुडपं : साळवण, पिठवण, डोरली, रिंगणी, गोखरू. तुमच्या आजींनी क्रमसुद्धा राखलाय बघा, आधी पाचही झाडं आणि मग पाचही झुडपं. म्हणजे यादी ऐकीव तुकड्यांतून जमवलेली नाही, कुणीतरी नीट शिकवलेली आहे. याचा मोठा फायदा असा की नावांचा अर्थ लागो न लागो, कोणतं नाव कोणत्या वनस्पतीचं हे यादीतल्या जागेवरून ठरतं. झाडांच्या पंचकातली शिवण म्हणजे संस्कृत ग्रंथांतली काश्मरी किंवा गंभारी, शास्त्रीय नावाने ग्मेलिना आर्बोरिया. नुसता 'शिवण' हा एकच शब्द चिठ्ठीवर लिहिलेला सापडला असता, तर मी इतक्या खात्रीने बोलले नसते.

आता नावाकडे. अमरकोशात, म्हणजे संस्कृतातल्या जुन्या शब्दकोशात, या झाडाची नावं एकत्र दिली आहेत : गंभारी, सर्वतोभद्रा, काश्मरी, मधुपर्णिका, श्रीपर्णी, भद्रपर्णी, काश्मर्य. सातांपैकी तीन नावं 'पर्णी'ची, म्हणजे पानाची आहेत. आपली शिवण त्यांतल्या श्रीपर्णीतून आली. हिंदी मुलखात याच झाडाला गम्हार म्हणतात, ते उघडच गंभारीवरून. एकाच झाडाच्या सात नावांपैकी शेजाऱ्यांनी एक उचललं, आपण दुसरं. म्हणूनच हिंदीतलं नाव पाहून मराठी नावाचा उगम सापडत नाही, आणि माझे विद्यार्थी तिथेच हमखास फसायचे.

श्रीपर्णीची शिवण कशी झाली, हे पायरीपायरीने पाहू, म्हणजे हा केवळ अंदाज नाही हे पटेल. प्राकृतात 'श्री'चं 'सिरि' होतं. 'पर्ण'चं 'पण्ण' होतं. दोन स्वरांमध्ये सापडलेला 'प' मऊ पडून 'व' होतो. हा शेवटचा बदल तुम्ही रोज तोंडाने करता : दीपचा दिवा, कपाटाचं कवाड, सपत्नीची सवत, कपर्दिकेची कवडी. त्याच वाटेने 'पण्णी'ची 'वण्णी' झाली. सिरिवण्णी, मग मधला 'रि' झिजून सिवण्णी, आणि मराठीत शिवणी, शिवण.

सुरुवातीचा 'श' मात्र थोडा थांबून पाहण्यासारखा आहे. महाराष्ट्री प्राकृतात श, ष, स हे तिन्ही एकाच 'स'मध्ये मिसळले होते. पुढे मराठीत त्या 'स'नंतर इ किंवा ए आला की तो पुन्हा 'श' झाला. हिंदीत सींग, आपल्याकडे शिंग. हिंदीत सीखना, आपलं शिकणं. तिकडे सेज, इकडे शेज. अ, आ, उ यांच्याआधी मात्र तो 'स'च राहिला : शर्करेची साखर, श्वशुराचा सासरा, शुष्काचं सुकं. आता तुमच्या यादीत शिवण आणि साळवण शेजारीशेजारी ठेवून पाहा. श्रीपर्णी आणि शालपर्णी, दोन्ही संस्कृतात 'श'नेच सुरू होतात. एकीत पुढे इ, म्हणून शिवण. दुसरीत पुढे आ, म्हणून साळवण. नियमाचे दोन्ही अर्धे भाग आजींच्या एका ओळीत बसलेत. वर्गात इतकं नेटकं उदाहरण मला कधी सुचलं नव्हतं.

मग शिवणकाम? त्याचा संबंध नाही. टाके घालण्याची शिवण सीवनपासून, 'सीव्' या धातूपासून आली. तिच्यातही 'सि'चा 'शि' झाला, म्हणून दोन वेगळे शब्द चालत चालत एकाच उंबरठ्यावर येऊन उभे राहिले. तिसराही एक आहे : 'कावळा शिवला', 'शिवाशिव' यातलं शिवणं, म्हणजे स्पर्श करणं. ते प्राकृतातल्या 'छिवइ'मधून आलं. तीन उगम, तीन अर्थ, उच्चार एक. बोलताना गोंधळ होत नाही कारण संदर्भ असतो. वहीतल्या एकट्या शब्दाला संदर्भ नसतो, म्हणून तो आपल्याला चकवतो.

आता साळवण. मी स्वतः सुरुवातीच्या वर्षांत वहीत "साळवण – साळीचं वन, भातशेतीलगत उगवणारी" असं लिहून ठेवलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, शब्दावरून मीच जुळवलं होतं. पुढे ही वनस्पती पहिल्यांदा ओळखून हातात घेतली ती सागाच्या कोरड्या रानात, आणि आसपास कोसभर भाताचं खाचर नव्हतं. त्या दिवसापासून एक सवय लावून घेतली : नावाचा अर्थ लावला की तो झाडासमोर उभं राहून तपासायचा.

साळ म्हणजे भात, हा शब्द शालि या संस्कृत शब्दातून आला, तो खरा आहे. पण साळवणीतला 'साळ' शालिचा नाही, शाल वृक्षाचा आहे, ज्याला आज आपण साल म्हणतो. शालपर्णी म्हणजे सालासारख्या पानाची. आता गंमत पाहा, साळवण (डेस्मोडियम गँजेटिकम) घेवड्याच्या, तुरीच्या कुळातली आहे. या कुळात बहुतेक ठिकाणी एका देठावर तीन किंवा अधिक पर्णिका, म्हणजे पानाचे सुटे भाग, असतात. साळवणीला एका देठावर एकच लांबट, अखंड पान असतं, आणि ते पान पाहिलं की सालाची आठवण यावी असंच आहे. नाव ठेवणाऱ्याने नेमकं तेच वेगळेपण पकडलं. फक्त त्याच्या डोळ्यांसमोर सालाची जंगलं होती. महाराष्ट्रात बहुतेकांनी साल पाहिलेलाच नसतो, ती जंगलं मध्य प्रदेश, छत्तीसगड, ओडिशाकडची. तुलनेतलं झाडच ओळखीचं नसल्यामुळे आपल्याकडे नावाचा अर्थ हरवला आणि त्या जागी ओळखीची साळ येऊन बसली. लोक शब्दाचा अर्थ असा पुन्हा घडवतात तेव्हा त्यात अडाणीपणा नसतो, कानाला अर्थाची भूक असते. पण तो मूळ अर्थ नव्हे, हे टिपताना वेगळं लिहायला हवं.

साळवण तुम्हाला रानात दाखवायची झाली तर मी पानाच्याही आधी शेंग दाखवेन. शेंग चपटी, बारीक, मण्यांसारखे सहा-आठ पेर एकापुढे एक जोडलेली. प्रत्येक पेरावर डोळ्यांना धड न दिसणारे आकडेदार केस. पावसाळ्यानंतर रानातून चालून आलात की साडीच्या काठाला, विजारीच्या पायाला ही पेरं सुटी होऊन चिकटलेली असतात. एक पेर नखाने काढून बोटावर ठेवा, ते कातडीलाही धरतं. त्याच्या आत एकच बी असतं. तुमच्या आजींना ही वनस्पती ठाऊक असेल तर बहुधा कपड्यांवरून ती निवडून काढताकाढताच झाली असेल.

पिठवणीची उकल इतकी सरळ नाही, आणि म्हणून मला ती जास्त आवडते. हिचं प्रसिद्ध संस्कृत नाव पृश्निपर्णी. पृश्नि म्हणजे ठिपक्याठिपक्यांची, चित्रविचित्र. वेदांत मरुतांच्या आईचं नाव पृश्नि आहे, आणि अथर्ववेदाच्या दुसऱ्या कांडात पृश्निपर्णीला उद्देशून एक पूर्ण सूक्त आहे. गर्भ खाणाऱ्या 'कण्व' नावाच्या दुष्ट शक्तीला हाकलून दे, अशी त्यात तिला विनवणी आहे. बाळंतकाढ्याच्या यादीत हे नाव दिसलं की मला ते सूक्त आठवतं. आजींच्या वहीचा धागा कुठवर मागे जातो ते पाहा.

अडचण अशी की 'पृश्नि'तून आवाजाच्या नियमांनी 'पिठ' निघत नाही, त्यात 'ठ' यायला जागाच नाही. 'पृष्टि' किंवा 'पृष्ठ' यांतून मात्र प्राकृतात 'पिट्ठि' येतं, हिंदीतली पीठ म्हणजे पाठ तीच. या वनस्पतीचं नाव पृष्टिपर्णी अशा रूपातही चालत आलं आहे, आणि पिठवण हे त्या दुसऱ्या रूपाचं मूल आहे असं मी मानते. म्हणजे नाव लिहिणाऱ्यांच्या हातातच दुहेरी झालं होतं, बोलणाऱ्यांनी त्यातलं एक पुढे चालवलं.

पण मुळशीकडच्या एका आजींनी मला वेगळंच सांगितलं. त्यांनी बांधावरची पिठवण (युरारिया पिक्टा) उपटली नाही, मला वाकायला लावलं आणि एक पर्णिका बोटावर आडवी धरली. अरुंद, हाताच्या बोटापेक्षा लांब, गडद हिरवी, आणि मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांनी पांढुरका, राखाडी पट्टा. "बघ की गं, दळताना पीठ सांडावं तसं हाय." मी अंगठ्याने पुसून पाहिलं, अर्थातच पुसलं गेलं नाही. पट्टा पानाच्या रंगातच असतो. आता हा अर्थ भाषाशास्त्राच्या हिशोबात मूळ नव्हे. पण पाहणं तेच आहे, जे पृश्निपर्णी म्हणणाऱ्याने पाहिलं होतं. अमरकोशात हिचं आणखी एक नाव चित्रपर्णी. लॅटिनमधल्या 'पिक्टा'चा अर्थ रंगवलेली. तिघांनी दोन भाषांत आणि चौथ्या त्या आजींनी मावळी बोलीत एकाच पट्ट्याला नाव दिलं. ओळखीची खूण म्हणून 'पीठ सांडलेली' हे मी आजही विद्यार्थ्यांना सांगते, उगम म्हणून सांगत नाही. हिच्या फुलांचा तुरा लांब, झुपकेदार असतो, शेपटीसारखा. म्हणून सिंहपुच्छी हेही नाव आहे. पट्टा आणि शेपूट दोन्ही दिसलं की शंका उरत नाही.

इतकं झाल्यावर तुमच्या लक्षात आलं असेल की तिन्ही नावांच्या शेवटचं 'वण' एकच आहे, आणि ते 'पर्ण' आहे. शिवण म्हणजे सुंदर पानांची, साळवण सालाच्या पानांची, पिठवण पाठीच्या किंवा पट्ट्याच्या पानांची. शहरात रस्त्याकडेला लावलेली सातवीण हीसुद्धा याच घरातली : सप्तपर्ण. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात या झाडाच्या नावाची खास नोंद आहे, 'स'चा 'छ' करून छत्तिवण्ण असं रूप त्याने दिलंय. हिंदीतला छतिवन आणि बंगालीतला छातिम त्या बाजूने आले. मराठीने सात जपला. एका फेऱ्यात सातच पानं असतात असं मात्र नाही, पाच-सहाही भरतात आणि आठही. मोजून पाहा, घराजवळ असेलच एखादी. कार्तिकात रात्री तिचा उग्र वास गल्लीभर पसरतो.

कुणी म्हणेल, पर्णाचं मराठीत पान होतं, कर्णाचा कान होतो, जीर्णाचं जुनं होतं, म्हणजे जोड 'ण्ण'चा 'न' होतो. मग शिवन, साळवन का नाही? शंका अगदी रास्त आहे. माझं उत्तर असं, की पान आणि कान या शब्दांत ते अक्षर शब्दाचा कणा आहे, त्याच्यावर जोर आहे. शिवणीत आणि साळवणीत ते शेपटाला आहे. जोर नसलेल्या जागी जोडवर्ण लवकर सुटा होतो, 'ण्ण'चा 'ण' उरतो, आणि सुटा 'ण' मराठीत 'ण'च राहतो. काही भागांत शिवन असंही म्हणतात, ते तुम्हाला ऐकू आलं तर चूक समजू नका.

आणि 'वण' दिसलं की सगळीकडे पानच शोधायचं, असंही करू नका. वनाचंही प्राकृतात वणच होतं. वणवा या शब्दात तेच रान आहे, त्याला लागलेली आग म्हणजे वणवा. त्यामुळे तुमचा 'साळीचं वन' हा तर्क भाषेच्या दृष्टीने अशक्य नव्हता, फक्त या वनस्पतीला तो लागू पडत नाही. मी फरक असा करते. नाव एका वनस्पतीचं असेल, आणि त्याच वनस्पतीचं 'पर्णी'ने संपणारं नाव जुन्या ग्रंथांत असेल, तर ते पान. नाव एखाद्या जागेचं असेल तर ते रान असण्याची शक्यता आधी तपासायची. आणि सगळ्या पर्णी मराठीत टिकल्या असंही नाही. माषपर्णी आणि मुद्गपर्णी या वनस्पतींना आपण सरळ रानउडीद, रानमूग म्हणतो. तिथे लोकांनी जुनं नाव झिजवत बसण्यापेक्षा नवं घेतलं.

गावांच्या नावांबद्दल थोडं, कारण तुमचं मूळ गाव शिवणी आहे असं तुम्ही लिहिलंय. विदर्भात, मराठवाड्यात शिवणी नावाची गावं बरीच आहेत. मध्य प्रदेशातल्या सिवनीचं नाव याच झाडावरून पडलं, असं तिथले लोक सांगतात. तुमच्या गावाचंही तसं असू शकतं, पण मी एकदम हो म्हणणार नाही. सीमा या शब्दाचं मराठीत शीव होतं, मुंबईतलं शीव हे त्याचंच उदाहरण. गाव जुन्या हद्दीवर असेल तर तो उगमही डोळ्यांसमोर ठेवायला हवा. शिवारात शिवणीची जुनी झाडं आहेत का, एखाद्या शेताला किंवा ओढ्याला झाडावरून नाव आहे का, हे गावातल्या सत्तरीपुढच्या दोन-तीन माणसांना वेगवेगळं विचारा. एकत्र बसवून विचारलंत तर पहिल्याने सांगितलेलं उत्तरच सगळे सांगतात.

यादीतल्या बाकी नावांवर भराभर जाते. पाडळ म्हणजे पाटला. 'ट'चा 'ड' आणि 'ल'चा 'ळ' हे दोन्ही नेहमीचे बदल. पाडळी नावाची कितीतरी गावं आपल्याकडे आहेत, आणि पाटलिपुत्राच्या नावात हीच पाटली आहे. ऐरण म्हणजे अरणी, जिचं लाकूड घुसळून यज्ञासाठी अग्नी काढत ती, म्हणूनच तिचं दुसरं नाव अग्निमंथ. लोहाराच्या ऐरणीशी तिचं नातं नाही. गोखरू हे गोक्षुर, काटे तुम्ही पाहिलेच आहेत. डोरली आणि रिंगणी या दोघी वांग्याच्या कुळातल्या काटेरी बहिणी. टेटूच्या शेंगा तलवारीएवढ्या लांब असतात, एकदा पाहिल्या की विसरत नाहीत.

काश्मरी या नावाबद्दलही कुणी ना कुणी विचारतंच, की हे झाड काश्मीरचं का. नाही. यजुर्वेदाच्या वाङ्मयात या झाडाचं नाव 'कार्ष्मर्य' असं येतं. यज्ञकुंडाभोवती ठेवायच्या काठ्या, म्हणजे परिधी, याच्या लाकडाच्या कराव्यात असं तिथे सांगितलंय. त्या रूपात 'र्ष्म' आहे, काश्मीरशी जुळणारं काही नाही. पुढे उच्चार सोपा होत होत काश्मर्य, काश्मरी झाला आणि दुरून काश्मीरसारखा दिसू लागला. केशराला मात्र संस्कृतात काश्मीर म्हणतात आणि ते खरोखरच त्या प्रदेशावरून आहे. जुनी यादी वाचताना या दोघांची अदलाबदल करू नका.

आता दुसरा धागा : अर्थ कळल्यावर झाड कळतं का? इथे मला थोडं कठोर बोलावं लागेल. श्रीपर्णी म्हणजे सुंदर पानांची. सुंदर पानं शेकडो झाडांना असतात. अमरकोशातच 'श्रीपर्ण' हे अग्निमंथाचंही नाव आहे, म्हणजे तुमच्या यादीतल्या ऐरणीचं. आणि 'श्रीपर्णिका' हे कट्फलाचं, म्हणजे कायफळाचं. एकच नाव तीन झाडांना, त्यांतली दोन एकाच काढ्यातली. मधुपर्णी हे नाव शिवणीसारखंच गुळवेलीलाही दिलेलं सापडतं. प्रदेश बदलला की आणखी गुंता होतो. केरळात शालपर्णी म्हणून वापरतात ती वनस्पती आपली साळवण नव्हे, वेगळ्याच प्रजातीची आहे. पिठवणीच्या नावाखालीही तिची एक जवळची बहीण बाजारात येते. हा लबाडीचा प्रकार नाही, त्या त्या ठिकाणची जुनी परंपरा तशी आहे. पण म्हणूनच नुसत्या नावावर विसंबून औषध घेता येत नाही.

म्हणून काढ्याबद्दल माझं सरळ मत देते. ही दहा नावं दुकानात सांगून वाळकी मुळं आणायची आणि घरी उकळायची, हे करू नका, बाळंतिणीसाठी तर मुळीच नको. वाळलेलं, तुकडे केलेलं मूळ पाहून वनस्पती ओळखणं मलाही सहज जमत नाही. आणि झाडांची मुळं मागितली तरी पुष्कळदा खोडाची साल मिळते. ज्यांचा या औषधांशी रोजचा संबंध आहे अशा वैद्यांना विचारा, बाळंतिणीवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाही सांगा, आणि मात्रा त्यांनीच ठरवू दे. मुळं हा घटकच असा आहे की ती काढली की झाड जातं. रानातून हौसेने उपटून आणू नका, ही माझी विनंती आहे. साळवण आणि पिठवण पूर्वी मला पुण्याजवळच्या टेकड्यांवर सहज भेटायच्या, आता शोधाव्या लागतात.

ओळख पटवायची असेल तर मार्ग आहे. फुलं किंवा शेंगा असलेली छोटी फांदी कागदात दाबून वाळवा, कुठे आणि कोणत्या तारखेला मिळाली ते लिहा, आणि जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात न्या. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं कार्यालय आणि आघारकर संशोधन संस्था आहे, मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयात ब्लॅटर हर्बेरियम आहे. अशा ठिकाणी दाबून ठेवलेल्या जुन्या नमुन्यांशी ताडून पाहता येतं. तिथल्या कागदांवर कधीकधी गोळा करणाऱ्याने त्या गावचं मराठी नावही लिहिलेलं असतं. माझ्या वहीतल्या कितीतरी नावांची खात्री मला तशीच पटली.

शिवण मात्र तुम्हाला कुणाच्याही मदतीशिवाय ओळखता येईल. फाल्गुन-चैत्रात तिची पानं गळालेली असतात आणि उघड्या फांद्यांना पिवळी-तपकिरी फुलं लागतात. फुलाचा वरचा भाग विटकरी, खालचा ओठ पिवळाधमक. मग नवी पानं येतात, समोरासमोर, हृदयाच्या आकाराची, तळहाताहून मोठी. एक पान तोडून उलटं करा, खालची बाजू फिकट आणि मऊ लवेची असते. देठ जिथे पानाला मिळतो तिथे बारीक गाठींसारख्या ग्रंथी दिसतील, बोटाला लागतीलही. उन्हाळा संपता संपता झाडाखाली पिवळ्या फळांचा सडा पडतो, पहाटे हरणं ती खायला येतात. लाकूड फिकट पिवळसर, हलकं, आणि वाळल्यावर फारसं वाकत नाही, म्हणून सुतार त्याला मान देतात. जुन्या घरातला एखादा पाट किंवा पेटी शिवणीची असेल, घरच्यांना विचारून पाहा.

वहीच्या त्या पानाचा फोटो टाकलात तर बरं होईल. मला दोन गोष्टी पाहायच्या आहेत : आजींनी 'शिवण' लिहिलंय की 'शिवन', आणि 'ऐरण' या शब्दापुढे कंसात दुसरं काही नाव आहे का. ऐरण म्हणून आपल्याकडे टाकळी आणि नरवेल अशीही नावं सांगतात, आणि ती एकाच वनस्पतीची नाहीत. आजींचं माहेर कोणत्या तालुक्यातलं, तेही कळवा. त्यावरून त्यांची ऐरण कोणती हे बरंचसं ठरेल.